भोंग्याची वाट: सोलापुरातल्या एका दिवसाच्या पायी फेरीचं प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही बावीस जण सोलापुरात दिवसभर पायी फिरलो. सकाळी गिरण्यांचा भाग, मग किल्ल्याजवळची बाग, दुपारी पूर्व भागातले माग आणि संध्याकाळी विजापूर रोडचा तलाव, असा बेत होता. आखणी माझी होती. तिचा पहिला टप्पा एका बंद फाटकाशी अडला. तिथे अर्ध्या तासात जे ठरवावं लागलं त्याने फेरीचं रूपच बदललं. आपापल्या गावात अशी फेरी काढू पाहणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहीत आहे, चुकांसकट.

गिरण्यांचं गाव

मुंबईहून येणारी रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. भोवती कापसाचा मुलूख होता. शहरात हातमागावर पोट भरणारे विणकर पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं येऊन वसत होती. मुंबईचे गिरणीमालक मोरारजी गोकुळदास यांनी इथे काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७७ मध्ये सुरू झाली. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ, आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळला होता. रान सोडून शहरात आलेल्या माणसाला गिरणीच्या फाटकाशी भाकरी दिसली. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि पहिलीला लोक ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले.

जुनी गिरणी १९६०च्या दशकात बंद पडली. बाकीच्या १९९०च्या दशकात आणि त्यानंतर एकेक करत थांबल्या. मुरारजी पेठ, लक्ष्मी पेठ ही नावं मात्र रोज रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत.

आमच्या गटात सर्वांत लहान मुलगी अकरा वर्षांची होती. ‘सोलापूरची चिमणी’ म्हटल्यावर तिला एकच चिमणी आठवली, विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची. ती पडतानाचा व्हिडिओ तिने पाहिला होता. गिरण्यांनाही चिमण्या होत्या, हे तिला त्या दिवशी प्रथमच कळलं. ही फेरी काढावी असं मला वाटत होतं ते नेमकं यासाठीच.

आखणी आणि तिच्यातली भोकं

मी नकाशा घेऊन बसलो आणि इमारतींवर खुणा केल्या. रेल्वे स्टेशन, मुरारजी पेठ, भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक, एक बंद गिरणी, पार्क चौक, भुईकोट किल्ला आणि त्याला लागून असलेली हुतात्मा बाग, सिद्धेश्वर तलाव, मग साखर पेठ आणि अशोक चौकाकडचे यंत्रमाग. तिथून रिक्षाने विजापूर रोडला, धर्मवीर संभाजी तलावावर. जुनी माणसं त्याला अजून कंबर तलावच म्हणतात.

कागदावर हे सुरेख दिसत होतं. खुणा रेघांनी जोडल्या की रस्ता तयार होतो, असं मी धरून चाललो होतो. त्या रेघांवर सावली कुठे आहे, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, टेकायला ओटा कुठे आहे, यातलं काही मी पाहिलं नव्हतं. पार्क चौकापर्यंतचे साडेतीन तास मोजले होते, पण ते साडेतीन तास साठीच्या बाईच्या अंगाने मोजले नव्हते. याचा हिशोब मला त्याच दिवशी द्यावा लागला.

गिरणीच्या आवारात जाण्यासाठी, जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात मी फोन केला होता. “या की, काही हरकत नाही,” असं उत्तर मिळालं. लेखी काही घेतलं नाही. गिरणीचं आणि कार्यालयाचं नाव इथे देण्याची गरज नाही, कारण कागद न मागणं ही चूक माझी होती.

आणि एक माणूस मी सोबत घेतला होता, अगदी शेवटच्या क्षणी. शेजारच्या गल्लीतले एक मामा, वय शहात्तर, त्याच गिरणीच्या विणकाम खात्यात बत्तीस वर्षं साचे, म्हणजे गिरणीतले माग, चालवलेले. ते आत उभे राहून पाच-दहा मिनिटं बोलतील, असं मी योजलं होतं. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, “एकट्याला सोडत न्हाई, गुडघे धरत्यात त्यांचे,” म्हणून बरोबर आल्या.

फाटकाशी

सव्वाआठला आम्ही फाटकाशी पोहोचलो. पहारेकरी भला माणूस होता, पण त्याच्याकडे कसलाही निरोप नव्हता. कागद दाखवा, सोडतो, एवढंच तो म्हणत राहिला. कार्यालयाचा फोन लागेना. बावीस माणसं रस्त्याच्या कडेला उभी.

गटातल्या दोन-तीन तरुणांनी पाहून ठेवलं होतं की डावीकडे कुंपणाची भिंत ढासळली आहे. तिथून सहज आत जाता येईल, पाच मिनिटांत फोटो काढून परत येऊ, असं ते म्हणू लागले. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘नको’ म्हणणारच होतो. पडकी छपरं, उघड्या हौदांची तोंडं, गवतात लपलेले खड्डे, आणि सोबत एक लहान मूल. पण माझ्याआधी मामा बोलले.

“बत्तीस वर्षं बिल्ला दाखवून आत गेलोय मी. आता भिंतीवरनं चोरावानी जाऊ व्हय?”

त्यानंतर भिंतीचा विषय कोणी काढला नाही.

मग करायचं काय? एक मार्ग होता, हा टप्पा सोडून सरळ किल्ल्याकडे निघायचं. मी तेच सुचवलं. मामा म्हणाले, “आत काय बघनार? साचे भंगारात गेले. माझ्या घरनं फाटकापर्यंतचा रस्ता तेवढा हाय तसा हाय. तो दावतो, चला की.”

आम्ही फाटकाकडे पाठ केली आणि त्यांच्यामागे निघालो. ते अकरा मिनिटांचं अंतर आम्ही पाऊण तासात चाललो.

ही वाट चाळीतून जाते. मामांनी ती उलटी, घराच्या दिशेने चालवली आणि गिरणीच्या भोंग्याने मोजून दाखवली. पहिला भोंगा उठण्याचा. दुसरा झाला की घर सोडायचं. तिसऱ्याला माणूस फाटकाच्या आत हवा. एका कोपऱ्यावर थांबून ते म्हणाले, हितं दुसरा भोंगा झाला की समजायचं, पळायला लागतंय. नळाच्या ओट्यापाशी थांबून म्हणाले, रात पाळीची माणसं हितं तोंड धुवायची, मग घरात जायची, पोरं भिऊ नयेत म्हणून. मला आधी कळलं नाही. मावशींनी सांगितलं: केसांवर, भुवयांवर, मिशीवर कापूस बसलेला असायचा, माणूस पांढराफटक दिसायचा.

ओट्यावर बसून मामांनी जे दाखवलं ते आतल्या कुठल्याही यंत्राने मला दाखवलं नसतं. त्यांनी मावशींच्या पिशवीच्या शिवणीतून दोरा ओढला, तोडला, आणि दोन्ही टोकं डाव्या हाताच्या चिमटीत धरून गाठ मारली. डोळे आमच्याकडे होते, हाताकडे नव्हते. पुन्हा तोडला, पुन्हा गाठ. तुटलेला धागा गाठायला जितका उशीर तितका वेळ साचा उभा, आणि साचा उभा म्हणजे मजुरी कमी. त्या छोट्या मुलीने सात-आठ वेळा प्रयत्न केला. तिची गाठ बसली, पण जाडजूड झाली. मामांनी ती नखाने चाचपली आणि म्हणाले, “ही फणीत अडकनार बघ.” गाठ फणीच्या दातांतून निसटून जाईल इतकी बारीक हवी, हे तिला बोटानेच समजलं.

मग धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. धोट्यातली कांडी, म्हणजे सूत गुंडाळलेली नळी, संपली की नवी घालायची, आणि तिचं सूत धोट्याच्या बारीक डोळ्यातून बाहेर काढायचं. ते तोंड लावून ओढायचे. सुताबरोबर कापसाची धूळ आत जायची. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. मामांना तो शब्द माहीत नव्हता. सुट्टीच्या दुसऱ्या दिवसाचा दम मात्र माहीत होता.

गटातल्या एका शिक्षिकेने विचारलं, इतक्या आवाजात बोलत कसे होता? मामांनी आवाज न काढता ओठ हलवले. समोर बसलेल्या मावशी लगेच उठल्या आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या. साच्यांच्या खडखडाटात ओठांवरून बोलणं ओळखायची सवय लागते, आणि घरी आल्यावरही ती सुटत नाही. गिरणी बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण या दोघांच्या घरात ते बोलणं अजून चालू आहे.

फाटकाशी घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही, याचा विचार मी नंतर बराच केला. आत गेलो असतो तर दगडी भिंती पाहिल्या असत्या, करवतीच्या दातांसारखं छप्पर कुठे शिल्लक असेल तर त्याच्या काचा उत्तरेकडे का असतात हे मी समजावून सांगितलं असतं: ऊन थेट आत न येता उजेड दिवसभर सारखा मिळावा म्हणून. सगळ्यांनी मान डोलावली असती. ती माहिती खरी आणि महत्त्वाची आहे. पण तेव्हा मामा माझ्या बोलण्याला पुरवणी म्हणून उभे राहिले असते, पाच-दहा मिनिटांसाठी. बत्तीस वर्षांच्या कामाला मी नेमून दिलेला वेळ तेवढाच होता, याची मला खंत वाटते.

साडेदहाचं ऊन

भैय्या चौकात कोटणीस स्मारकापाशी आम्ही थोडाच वेळ थांबलो. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना १९४२ मध्ये गेला, एवढं सांगून निघालो, कारण वेळापत्रक पाऊण तास मागे पडलं होतं.

इथेच आखणीतली भोकं उघडी पडली. सोलापूरचं फेब्रुवारीतलं ऊनही दहानंतर टोचतं. हवा कोरडी, घाम अंगावर टिकत नाही, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळायला उशीर होतो. कापडाच्या धंद्यालाही ही हवा जाचते. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तटातटा तुटतं, म्हणून विणकाम खात्यात पाण्याचा फवारा मारून हवा दमट ठेवावी लागे, खिडक्या बंद करून. बाहेर रखरखाट आणि आत दमट उकाडा. आम्ही त्यातलं फक्त बाहेरचं सोसत होतो.

मामांचा वेग मंदावला. दोन बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, स्वच्छतागृह कुठे आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या सकाळपासून पाणी टाळत होत्या, हे मला तेव्हा समजलं. एका दवाखान्यात विनंती करून सोय झाली, पण अशी विनंती करण्याची पाळी त्यांच्यावर यायला नको होती. फेरी काढणाऱ्याने जागांच्या यादीच्या आधी ही यादी करावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

मी तिथेच तीन गोष्टी बदलल्या. मामा-मावशींना रिक्षाने हुतात्मा बागेत पाठवलं, सोबत एक तरुण. बाकीच्यांत सर्वांत हळू चालणाऱ्या बाईंना सर्वांत पुढे ठेवलं आणि त्यांच्या पुढे कोणी जायचं नाही असं सांगितलं. आणि मुख्य रस्ता सोडून भिंतीच्या पश्चिमेच्या अंगाने जाणाऱ्या गल्ल्या धरल्या, कारण सकाळची सावली तिकडे पडते.

हुतात्मा बागेत झाडांखाली सव्वा तास बसलो. आखणीत वीस मिनिटं होती. डबे उघडले गेले: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. १२ मे १९३० रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं, हे शाळेत सगळेच शिकलेले. शिक्षिकेने ती चार नावं सावकाश उच्चारली आणि म्हणाली, ही नावं एकापाठोपाठ एक म्हणून बघा, त्यांत आपलं अख्खं शहर आहे. मला ते फार पटलं.

माग, मग्ग, मग्गम

दुपारी साखर पेठेच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात गेलो. मालकाला मी आधी स्वतः भेटलो होतो, त्यामुळे इथे अडचण आली नाही. आठ यंत्रमाग, त्यांतल्या चारांवर चादर. वर जेकार्ड, म्हणजे नक्षी विणणारं यंत्र, बसवलेलं, त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथे धागा खालीच राहतो. वेलबुट्टीची प्रत्येक ओळ अशी पुठ्ठ्यावर लिहिलेली असते. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी पाहिली तर नक्षी तीच आणि रंग उलटे दिसतात. दोन थर एकात एक गुंतवून विणल्यामुळे तिला ते वजन येतं. चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे.

कांड्या भरायला एक आक्का बसल्या होत्या, तेलुगू बोलणाऱ्या. मामांनी मागाकडे बोट करून विचारलं, तुमच्यात काय म्हणता? “मग्गम.” गटातले एक कानडी गृहस्थ म्हणाले, आमच्यात मग्ग. आपल्यात माग. मामा हसले आणि चालू मागाजवळ जाऊन ताण्यावर हात ठेवायला निघाले, पण मध्येच थांबले. परक्याच्या मागाला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. मालकाने खूण केली, लावा. त्यांनी तळहात अलगद ताण्यावर टेकवला आणि ओठ हलवले. मावशींनी आम्हाला अर्थ सांगितला: “ताण जास्त हाय म्हणत्यात.” मालकाने तपासलं. जास्त होता.

तलाव

साडेचारला कंबर तलाव. पाण्यावर वारकरी पक्षी होते, काळे, कपाळावर पांढरा टिळा, आणि काठाच्या चिखलात शराटी. स्मृती उद्यानात, निधन पावलेल्या माणसांच्या आठवणीसाठी लावलेली झाडं आता डोक्यावर गेली आहेत.

सोलापुरात बाग आणि गिरणी या दोन वेगळ्या सहली आहेत असं मला वाटायचं. खरं तर दोन्ही पाण्याच्याच गोष्टी आहेत. कोरड्या मुलखातलं हे शहर बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या तलावापासून साठवलेल्या पाण्यावर जगत आलं. इंग्रजांच्या काळात एकरूखचा, म्हणजे हिप्परग्याचा मोठा तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला, आणि सहा वर्षांनी पहिली गिरणी सुरू झाली. बॉयलरला पाणी लागतं, फवाऱ्याला लागतं, हजारोंच्या वस्तीला लागतं. हे मी सकाळी, तहान लागलेली असताना, सांगायला हवं होतं. संध्याकाळी सावलीत ते थोडं फिकं पडलं.

पुढे काय बदललं

दुसरी फेरी आम्ही पुढच्या डिसेंबरात काढली. लेखी परवानगी मागितली होती, उत्तर आलं नाही, म्हणून गिरणीचं आवार यादीतूनच काढलं. पूर्व भागातले माग सकाळी नऊला घेतले, कारण तिथे छप्पर आहे आणि मालकाच्या घरी स्वच्छतागृहाची सोय आहे. बागेत दीड तास ठेवला. गट पंधराचा केला, कारण त्याहून जास्त माणसांना चाळीच्या ओट्यापाशी बोलणं ऐकू जात नाही आणि चाळकऱ्यांची वाट अडते. दोन घरांनी आपणहून पाणी आणि मोरी देऊ केली. त्यांना आधी विचारलं होतं, आणि त्यांचा दिवस मोडणार नाही अशी वेळ त्यांनीच ठरवली.

सुरुवात स्टेशनवरून न करता चाळीच्या नळापासून केली, दुसऱ्या भोंग्याच्या वेळेला. भोंगा नाही, पण मामा घड्याळ न बघता म्हणाले, “झाला. चला.”

फाटकापाशी पोहोचल्यावर मावशी माझ्याजवळ आल्या. दोन्ही फेऱ्यांत त्या मामांच्या मागे चालल्या होत्या. म्हणाल्या, ह्यांची वाट बघितली, माझी कधी बघनार?

मावशींनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. सकाळी विडी कारखान्याच्या ब्रँचवरून पान-तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, फर्म्याने कापायची, वळून दोऱ्याने बांधायच्या, आणि मोजून नेऊन द्यायच्या. मजुरी हजारावर. गिरण्या थांबल्यावर सोलापूरच्या किती घरांत चूल पेटती राहिली ती याच हातांनी. त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी बायका आता कुंभारीला, विडी कामगारांसाठी उभारलेल्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहायला गेल्या आहेत. मावशींची वाट भोंग्यावर चालत नव्हती. मामांची पाळी, पोरांची शाळा आणि नळाचं पाणी, यांच्या मधून ती काढलेली होती. माझ्या नकाशावर तिची एकही खूण नव्हती.

मी विचारलं, किती वाजता निघायचं? मावशींनी थोडा विचार केला. म्हणाल्या, “नळ गेल्यावर.”